विचारून झालेला प्रश्न

संगणक सुरू होतो तेव्हा पडदा उजळण्याआधीच त्याच्या पोटात पुष्कळ बोलाचाली होऊन गेलेली असते. फर्मवेअर चिपबरोबरच आलेले, म्हणजे घरात आधीपासून राहणारे. ऑपरेटिंग सिस्टीम मागाहून येणारी. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्याचे काही बिनसले आणि यंत्र अर्ध्यातच गप्प झाले, तर आत नेमके काय घडले हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. तेव्हा प्रोग्रामर त्या ड्रायव्हरमध्ये जागोजाग लहान ओळी पेरतो : ‘इथवर आलो’, ‘फर्मवेअरने शून्य परत केले’, ‘आता वाट पाहतो आहे’. या ओळींच्या मागावर दोष सापडतो, दुरुस्त होतो, यंत्र चालू लागते. ओळी मात्र तिथेच राहतात. पुढे कधीतरी कोणीतरी एक पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची यादी, पाठवतो. त्यात नवे काही नसते, प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला वजाचे चिन्ह असते, आणि वर एका वाक्याचे स्पष्टीकरण : ‘डीबगिंगचा कोड काढून टाकला.’ हे काम क्षुल्लक समजले जाते. माझ्या मते त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. साध्यासाठी हाती घेतलेले साधन साध्य झाल्यावर टाकायचे, हे कर्तव्य कोणत्या जातीचे आहे? टापटिपीचे की आणखी कशाचे?

हा प्रश्न देवनहळ्ळीच्या पार्श्वभूमीवर विचारायला बरा पडतो. बंगळूरच्या उत्तरेला असलेले हे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान. इथला किल्ला १५०१ मध्ये मल्लबैरेगौडाने मातीचा बांधला, हैदर-टिपूच्या अमलात तो दगडी झाला, १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने तो घेतला आणि त्यानंतर लढण्याचे त्याचे काम संपले. २००८ च्या मे महिन्यात याच भागात बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला. भोवती विमान-उद्योगाचे क्षेत्र वसले, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिथे बोईंगच्या ४३ एकरांच्या अभियांत्रिकी केंद्राचे उद्घाटन झाले. म्हणजे एका बाजूला काम संपूनही उभी असलेली तटबंदी, आणि तिच्या डोक्यावरून उतरणारी विमाने, ज्यांच्या संगणकांत शिरणाऱ्या प्रत्येक ओळीला ‘तू इथे कोणाच्या सांगण्यावरून आहेस?’ असे विचारण्याचा रिवाज आहे. या दोन टोकांमध्ये माझा सगळा वाद मावतो. दोन्हींकडे मी पुढे परत येणार आहे.

पहिले आणि सोपे उत्तर शुचितेचे. कोड ‘स्वच्छ’ असावा, उरलेसुरले काढावे, घर झाडावे तसे. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या नियमांत शौच पहिले आहे, तेव्हा या उत्तराला परंपरेचा आधारही सहज मिळतो. पण ते मला पुरेसे वाटत नाही, आणि आपल्या समाजात तर ते थोडे धोक्याचेही आहे. शुचितेचा विचार वस्तूपासून सुरू होतो आणि माणसापर्यंत जाऊन थांबतो. घाण वाईट, म्हणून घाण करणारा वाईट, आणि नवल म्हणजे घाण काढणाराही हलका. हे गणित आपल्याकडे शेकडो वर्षे चालले. प्रोग्रामरांच्या जगात त्याची सौम्य आवृत्ती दिसते. ज्याने ओळी सोडल्या तो ‘गबाळा’ ठरतो. ज्याने त्या काढल्या त्याचे काम नवशिक्याचे, हाताला वळण लागावे म्हणून दिलेले. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आज्ञेचे नावच मुळी ‘ब्लेम’ आहे. नाव थट्टेने ठेवले असेल, पण थट्टेतही मनातले बाहेर पडतेच.

गाडगेबाबांनी हे गणित उलटे केले होते. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनाची रीत अशी की बाबा निरूपण करण्यापेक्षा समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. झाडणे आणि विचारणे ही एकाच माणसाची दोन कामे होती, आणि माझ्या समजुतीने ती दोन नव्हतीच. गावची घाण काढण्याचा उद्देश गाव पवित्र करणे हा नव्हता. गावाने स्वतःविषयी जे गोड गैरसमज करून घेतले होते ते दिसावेत, हा होता. मी इथे जे म्हणणार आहे त्याची दिशा तीच आहे : डीबगिंगच्या ओळी काढण्याचे काम शौचाच्या खात्यात टाकू नये, ते सत्याच्या खात्यातले आहे. पतंजलीने सत्य नियमांत न ठेवता यमांत ठेवले, आणि यमांना देश, काळ, प्रसंग यांची सवलत दिली नाही. टापटीप सवडीने करता येते. खरे बोलण्याला सवडीची मुभा नसते.

त्यासाठी आधी डीबगिंगची ओळ म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. दिसायला ती विधान असते : ‘इथवर आलो.’ पण लिहिणाऱ्याला ते विधान नको असते. त्याला विचारायचे असते की यंत्र इथवर येते का, आणि आले तर त्या क्षणी अमुक पेटीत कोणता आकडा असतो. ती विधानाच्या वेषातला प्रश्न असते. प्रश्नाला अर्थ केव्हा असतो? विचारणारा उत्तराची वाट पाहत असतो तोवर. दोष सापडला, विचारणारा उठून गेला, तरी यंत्र दर वेळी सुरू होताना तेच उच्चारत राहते. ऐकणारा कोणीच नाही. आता त्या ओळीतला प्रश्न मेलेला असतो आणि उरलेले कवच विधान म्हणूनच वाचले जाते. सहा महिन्यांनी नवा माणूस ती नोंद पाहतो आणि साहजिकच समजतो की इथे काहीतरी लक्ष ठेवण्याजोगे आहे, नाहीतर कोण कशाला लिहील? ओळीने त्याला जे सांगितले ते अक्षरशः खरे आहे, यंत्र खरोखरच इथवर आले. तिने जे सुचवले ते खोटे आहे.

अशी ओळ राहू दिली तर काय होते हे समजायला मीमांसकांचा एक भेद उपयोगी पडतो. त्यांनी कर्मांचे दोन भाग केले. काहींचे फळ डोळ्यांना दिसते, काहींचे दिसत नाही. भात सडायचे ते तूस निघावे म्हणून, हे दिसणारे फळ. म्हणून किती वेळा मुसळ मारायचे याची संख्या शास्त्राने सांगावी लागत नाही, तूस निघेपर्यंत मारायचे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी श्रवण-मननाची आवृत्ती किती वेळा करावी हा प्रश्न येतो, तेव्हा शंकराचार्य हाच कांडणाचा दाखला घेतात : फळ दिसेपर्यंत. या दाखल्याची दुसरी बाजू जात्या-उखळाशी संबंध असलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाही. तूस निघाल्यावरही मुसळ चालूच ठेवले तर तांदळाची कणी होते. दृष्ट फळाचे कर्म फळानंतर चालू राहिले की ते केवळ निरुपयोगी राहत नाही, जे मिळवले तेच बिघडवू लागते.

डीबगिंगच्या ओळीला हे फार शब्दशः लागू पडते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, संदेशांच्या आठ पातळ्या आहेत, शून्य ते सात. शून्य म्हणजे यंत्र मरणाच्या दारात, आणि सात म्हणजे डीबग. बारीक यंत्रांत हे संदेश अनेकदा सिरिअल कन्सोलवर जातात, आणि त्याचा रूढ वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरे. म्हणजे ऐंशी अक्षरांच्या एका ओळीला जवळजवळ सात मिलिसेकंद. माणसाच्या हिशेबी हे काहीच नाही. पण सेकंदाला अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे त्यात सत्तर लाख ठोके जातात, आणि जुन्या पद्धतीत ओळ बाहेर पडेपर्यंत ती उच्चारणारा भाग खोळंबून राहतो. शंभर ओळी उरल्या असतील तर यंत्र सुमारे ०.७ सेकंद उशिरा जागे होते. अडचण वेळेपुरती असती तर मी तिला खर्च म्हटले असते. पण फर्मवेअरशी बोलताना उत्तर कधी आले यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि ओळीमुळे वेळ बदलला की जे पाहायचे तेच बदलते. पाहू गेले की नाहीशा होणाऱ्या अशा दोषांना ‘हायझेनबग’ म्हणतात. जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात हा शब्द वापरला आहे. वेदान्तातला साक्षी पाहतो पण करत नाही. इथला साक्षीदार पाहण्यासाठीच काहीतरी करतो, खोलीत उभा राहून जागा अडवतो, आणि म्हणून त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे शब्दांचे खेळ, एका उरलेल्या ओळीने कोणाचे काय बिघडते? काय बिघडते याचा सर्वांत गाजलेला दाखला ४ जून १९९६ चा आहे. फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन ५ हा युरोपचा नवा अग्निबाण पहिल्यांदा उडाला आणि इंजिन पेटल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत फुटला. झाक-लुई लिओंस यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी जुलैत आला. तो प्रत्येक प्रोग्रामरने एकदा वाचावा. दिशा सांगणाऱ्या उपकरणात जमिनीवरच्या जुळणीची एक क्रिया होती. आधीच्या एरियन ४ मध्ये उड्डाण ऐन वेळी थांबले तर मोजणी लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून ती उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवण्याची सोय होती. एरियन ५ ला तिची गरज नव्हती. तरी चालत आलेले आहे म्हणून ती राहिली. नवा बाण जास्त वेगाने आडवा सरकत होता, त्या क्रियेतला एक मोठा आकडा सोळा बिटांच्या पेटीत मावला नाही, आणि उपकरण थांबले. बदली उपकरणही त्याच कारणाने क्षणभर आधीच थांबले होते. आणि आता माझ्या मुद्द्याला लागणारी गोष्ट : थांबताना उपकरणाने आपल्या बिघाडाची निदान-माहिती वाहिनीवर टाकली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून वाचली. ‘मला असे झाले’ हे वाक्य ‘बाण असा वळला आहे’ म्हणून ऐकले गेले. नळकांडी कमाल मर्यादेपर्यंत वळवली गेली आणि बाण वाऱ्याच्या दाबाने मोडला. ही क्रिया डीबगिंगसाठी लिहिलेली नव्हती हे कबूल. पण कारण संपूनही उरलेली क्रिया आणि दोष शोधणाऱ्यासाठी असलेले पण भलत्याच कानी पडलेले बोलणे, हे दोन्ही घटक त्यात शुद्ध स्वरूपात दिसतात.

डीबगिंगच्याच म्हणाव्यात अशा दोन घटना थोडक्यात. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा ‘वर्म’ तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला आणि अंदाजे सहा हजार यंत्रे त्याने वेठीला धरली. त्याच्या वाटांपैकी एक होती टपाल पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’मधली ‘डीबग’ ही आज्ञा, चाचणीसाठी ठेवलेली आणि पुष्कळ ठिकाणी तशीच उघडी राहिलेली. २०१६ मध्ये ऑलविनर या चिप-कंपनीच्या लिनक्स कर्नेलमध्ये एक डीबग-फाइल सापडली. तिच्यात ‘माझे यंत्र रूट कर’ अशा अर्थाचा एक शब्द लिहिला की कोणताही प्रोग्राम यंत्राचा धनी होई. दोन्हीकडे दार चोरासाठी केलेले नव्हते, कारागिराच्या सोयीसाठी केलेले होते. कारागीर गेला आणि दार उरले. साध्या छापील ओळीही अगदी निरुपद्रवी नसतात. त्यांतून स्मृतीतले पत्ते बाहेर पडत, आणि ते हल्लेखोराच्या कामाचे असत. म्हणून जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१५ पासून असे पत्ते छापताना ते मुळात विस्कटून छापले जातात.

साधनाने साध्यानंतर उरू नये ही गोष्ट आपल्या दर्शनांना चांगली माहीत होती. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त निवळीच्या बियांचा दृष्टान्त आहे. माठाच्या आतून निवळी घासली की गढूळ पाणी निवळते, गाळ तळाशी बसतो आणि निवळीची पूडही गाळाबरोबर बसते. ज्ञान अज्ञानाला घालवते आणि मग स्वतःही जाते. वेदान्त्यांच्या अध्यारोप-अपवाद या पद्धतीचे मर्म हेच : समजावण्यासाठी आधी काही आरोप करायचा, आणि समजल्यावर तोच मागे घ्यायचा. मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात बुद्धाने नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन निघालेल्या माणसाचे चित्र काढले आहे. पतंजलीही समाधिपादाच्या शेवटी म्हणतो की प्रज्ञेतून उपजलेला संस्कार बाकीच्या संस्कारांना आवरतो, आणि शेवटी त्यालाही आवरावे लागते. मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला ‘अमृतानुभवा’च्या रचनेतच आहे. दहा प्रकरणांत सातवे अज्ञानखंडन, आठवे ज्ञानखंडन, आणि दहावे ग्रंथपरिहार. ज्ञानेश्वर अज्ञान खोडून थांबत नाहीत, ज्ञान खोडतात, आणि अखेर स्वतःच्या ग्रंथाचेही प्रयोजन तपासतात. तिसऱ्या प्रकरणाचे नाव तर ‘वाचाऋणपरिहार’, म्हणजे वाणीचे ऋण फेडणे. यंत्राला बोलायला लावून आपण एक ऋण काढलेले असते हे मला त्या नावाने सुचते. इतके म्हणून मी थांबतो, कारण ज्ञानेश्वरांचे म्हणणे प्रोग्रामिंगच्या चौकटीत कोंबण्याचा माझा हेतू नाही.

तो हेतू नसण्याला आणखी एक कारण आहे. हे दृष्टान्त एका ठिकाणी तुटतात, आणि नेमके तिथेच माझ्या मुद्द्याला जोर येतो. निवळी आपोआप तळाशी बसते. ज्ञान आपण होऊन मावळते असे वेदान्ती म्हणतात. ज्ञानेश्वर तर त्याही पुढे जातात. अज्ञान मुळात नव्हतेच, मग ते घालवणारे ज्ञान तरी कशाचे? ड्रायव्हरमधला दोष मात्र खरोखर होता, आणि त्याच्या शोधासाठी लिहिलेली ओळ आपोआप कधीच विरघळत नाही. लोखंड गंजते, कागद पिवळा पडतो, आठवण पुसट होते. कोडची ओळ वीस वर्षांनीही पहिल्या दिवसाइतक्याच निष्ठेने चालते. ज्या द्रव्याला स्वतःचा विसर नाही त्यात काम करणाऱ्याला अपवाद हाताने करावा लागतो. म्हणून तो अध्यारोपाचाच उत्तरार्ध आहे. ओळ घालणे हे अर्धे वाक्य, काढणे हे उरलेले अर्धे. सफाईचा पॅच पाठवणारा कोणाची तरी मागची घाण उपसत नसतो. दुसऱ्याचे अपुरे राहिलेले वाक्य तो पुरे करत असतो.

याच्या विरुद्ध सर्वांत भारी आक्षेप मंगळावरून येतो. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक वारंवार स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी प्राधान्याचे काम एक कुलूप धरून बसे, मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि वरच्या प्राधान्याचे काम त्या कुलपासाठी तिष्ठत राही. पृथ्वीवर हे शोधता आले, कारण घटनांचा माग ठेवणारी डीबगिंगची यंत्रणा उडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेली होती. जे तपासले तेच उडवायचे आणि जे उडवायचे तेच तपासायचे, हे त्या चमूचे सूत्र होते. तीच यंत्रणा प्रयोगशाळेतल्या जुळ्या यानावर चालवून दोष पकडला गेला, आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. आक्षेपक विचारेल : या माणसांनी तुमचा सल्ला ऐकून सगळे पुसले असते तर?

माझे उत्तर असे की पाथफाइंडरमध्ये प्रश्न मेलेला नव्हता. यान पुन्हा हातात येणार नाही, दोष तिथेच शोधावा लागेल, हे जाणून ती सोय ठेवलेली होती. तिच्यामागे कारण होते, आणि ते कारण विचारल्यास सांगू शकणारी माणसे होती. विमानांच्या सॉफ्टवेअरला लागू होणारी डीओ-१७८सी ही नियमावली हाच भेद करते. प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या गरजेपर्यंत माग काढत नेता आली पाहिजे. चुकून उरलेला, कोणत्याही गरजेला न जोडलेला आणि कधी चालूच न शकणारा ‘डेड कोड’ काढायचा. गरजेला जोडलेला पण या जुळणीत चालू नये असा ‘डीॲक्टिव्हेटेड कोड’ ठेवता येतो, पण तो चुकून चालू होणार नाही याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे कसोटी ओळ बोलते की गप्प राहते ही नाही. तिचा कोणी विचारणारा शिल्लक आहे का, ही आहे. लिनक्समध्ये ‘डायनॅमिक डीबग’ नावाची सोय आहे. तिच्यात ओळी निजलेल्या असतात, आणि कोणी नाव घेऊन हाक मारली तरच बोलतात. ड्रायव्हरच्या सफाईत पुष्कळदा हेच केले जाते : निम्म्या ओळी काढल्या जातात आणि निम्म्यांना या झोपेत पाठवले जाते. कोणत्या निम्म्या, हे ठरवायला त्या ड्रायव्हरची खरी जाण लागते. नवशिक्याचे काम म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा बसून ठरवून पाहावे.

देवनहळ्ळीचा किल्लाही याच कसोटीवर उतरतो. त्याच्या तटाआत आजही वस्ती आहे, देवळे आहेत, आणि जुन्या काळच्या गाड्यांच्या मापाच्या अरुंद दरवाजातून माणसे रोज ये-जा करतात. दरवाजा ठेवला, पहारा उठवला. ‘कोण आहे?’ असे तिथे कोणी विचारत नाही, कारण उत्तर ऐकून काही करणारे राज्य आता नाही. उद्या तिथे कोणी भाला देऊन माणूस उभा केला, आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून नाव विचारून सोडून देऊ लागला, तर त्याला आपण इतिहासाचे जतन म्हणणार नाही, नाटक म्हणू. वास्तू म्हणून तट राहू शकतो. चालू पहारा म्हणून राहू शकत नाही.

दुसरा आक्षेप स्मृतीचा. या ओळी म्हणजे दोषाशी झालेल्या झगड्याच्या खुणा, त्या पुसणे म्हणजे श्रम विसरणे, असे काहीजण मनापासून मानतात. हा आक्षेप मला हृद्य वाटतो, पण तो स्मृती आणि संस्कार यांत गल्लत करतो. २००५ पासून कर्नेलचा इतिहास गिटमध्ये राहतो, आणि तिथे काढलेली ओळ नष्ट होत नाही. कोणी, कोणत्या दिवशी, का घातली आणि का काढली, हे सारे राहते. चित्रगुप्ताच्या वहीसारखेच, फक्त इथे वही कोणालाही उघडून पाहता येते. वहीतली नोंद कृती करत नाही. चालू कोडमधली ओळ दर वेळी कृती करते. पहिली स्मृती, दुसरी वासना. माणसाला सुटायचे असते ते दुसरीपासून, आणि जुने आठवते म्हणून कोणी बद्ध होत नाही. उलट ओळ कोडमधून वहीत गेली की तिच्याबरोबर तिचे कारणही लिहिले जाते, जे ती कोडमध्ये असताना कोणालाच ठाऊक नव्हते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरांच्या तोंडी तो नेहमी असतो : चालते आहे ना, मग हात कशाला लावता? प्रत्येक बदलात नवा दोष शिरण्याची शक्यता असते, आणि नुसते वजाचे पॅच तपासण्यातही कोणाचा तरी दिवस जातो. हे खरे आहे. केवळ आकडा वाढवण्यासाठी पाठवलेल्या सफाईला नकार देणाऱ्या मेंटेनरची बाजू मी घेईन. पण या आक्षेपाच्या मुळाशी एक भीती आहे, आणि ती बोलून दाखवली की आक्षेपाचे रूप पालटते. ओळ काढल्यावर यंत्र बिघडले तर? असे खरोखर होते. फर्मवेअरला आज्ञा दिल्यावर थोडे थांबायला हवे होते, आणि ते थांबणे कोणी कोडमध्ये लिहिलेलेच नव्हते. सात मिलिसेकंदांची ती ओळच नकळत थांबण्याचे काम करत होती. दोष सापडला असे जाहीर झाले, पॅच स्वीकारला गेला, आणि दुरुस्ती म्हणून जे लिहिले त्याने काहीच दुरुस्त केलेले नव्हते. पाहणाऱ्याच्या उपस्थितीने यंत्र सावरले होते. ओळ काढली की यंत्र पुन्हा अर्ध्यातच गप्प होते, आणि सफाई करणाऱ्यावर खापर फुटते की चांगले चाललेले त्याने मोडले.

त्याने मोडले काहीच नाही. त्याने ओळ काढली नसती तर हा दोष जलद कन्सोलच्या पुढच्या यंत्रात, किंवा कन्सोलच नसलेल्या यंत्रात, कोणाच्या तरी हाती निघाला असता. आता त्याला तीच ओळ परत घालावी लागते, त्याच जागी, कदाचित त्याच शब्दांत. गिटच्या वहीत ती तिसऱ्यांदा नोंदली जाते : घातली, काढली, पुन्हा घातली. तिसऱ्या नोंदीखाली या वेळी कारण लिहिलेले असते, आणि पडद्यासमोर ती ओळ उमटण्याची वाट पाहणारा एक माणूस बसलेला असतो.